पाठीचा पत्रा

ब्राह्मणपुरीच्या हेमकांत सरांनी आपल्या घराण्याच्या चिलखताची गोष्ट आजवर चारेक हजार लोकांना तरी सांगितली असेल. त्यातले तीन हजार त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे उठून जायची सोय कोणालाच नव्हती. भूगोलात तापीचं खोरं आलं की त्यामागोमाग रायसिंगबाबा यायचेच. रायसिंगबाबा म्हणजे सरांचे सात पिढ्यांमागचे पूर्वज. छातीला एक लोखंडी पत्रा, पाठीला एक पत्रा, खाली घोडा. "आणि शत्रूला पाठ म्हणून दाखवली नाही," इथे सर थांबायचे आणि वर्गाकडे असे बघायचे, जणू समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ती दाखवली होती.

तेव्हा अक्कलकुव्याची मदिहा जिल्ह्यातल्या जुन्या वस्तूंची त्रिमितीय नोंद करत फिरतेय हे कळल्यावर सरांनी तिला तीन वेळा फोन केला. मदिहा पेट्या-कोठ्या बनवणाऱ्या बशीरभाईंची मुलगी. बापाने आयुष्यभर पत्रा ठोकला, मुलगी इंजिनिअर होऊन तो मोजायला लागली. तिच्याकडे इस्त्रीएवढं एक यंत्र होतं. ते वस्तूभोवती फिरवलं की वस्तू जशीच्या तशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभी राहायची, केसाएवढ्या ओरखड्यासकट.

"अर्ध्या तासाचं काम आहे," सर तिला म्हणाले. "आमचं सगळं तयार असतं."

पेटी उघडली. मखमलीतून छातीचा पत्रा निघाला. गंजाने त्याची चाळण व्हायची तेवढी बाकी होती. त्याच्याखाली जुन्या लग्नपत्रिका होत्या आणि पत्रिकांच्या खाली पेटीचा तळ.

सरांनी पाठीचा पत्रा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पेटीची किल्ली आईच्या, प्रमिलाबाईंच्या कमरेला असायची आणि पाहुण्यांसमोर छातीचा पत्रा काढला की त्या म्हणायच्या, दुसरा खाली शे, जड शे, राहू दे.

"माय, मागला पत्रा कोठे शे?"

प्रमिलाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सारंगखेडाले."

"सारंगखेडाले काय करी ऱ्हायना तो?"

"जसोदाना नातूनं जाऊळ शे आज. मांडा कराले दिधा."

सरांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ममताताईंनी पदर तोंडाला लावला होता, आणि बावीस वर्षं जे आपल्यालाच माहीत नव्हतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं, हे सरांच्या तेवढ्यावरून लक्षात आलं.

"तुन्हा लगीनमा खापर फुटी गयं व्हतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दोनशे मानसं पंगतमा बठेल. मी काय करू? पत्रा घासा, पालथा चुल्हावर ठेवा. असा मांडा व्हयना का जल्ममा नही व्हयना."

खानदेशात पुरणाचे मांडे उपड्या खापरावर भाजतात. हातावर फिरवून चादरीएवढी केलेली पोळी त्यावर टाकायची. खापर मातीचं, ते फुटतं. रायसिंगबाबांची पाठ फुटली नव्हती. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक लग्नाला आणि बारशाला ती जात होती. छातीचा पत्रा मात्र घरीच बसून असायचा.

मदिहाने यंत्र बॅगेत भरलं. "चला सर, सारंगखेड्याला जाऊ. आजी, तुम्हीपण चला."

जसोदाबाई म्हणजे प्रमिलाबाईंची धाकटी बहीण. तिच्या अंगणात पोहोचेपर्यंत पहिली पंगत बसली होती. मागच्या बाजूला चूल पेटलेली, चुलीवर घराण्याचा अभिमान पालथा पडलेला आणि त्याच्यावर एक मांडा सुखाने फुगत होता.

"मावशी, हे खाली उतरव," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आजून तीस मांडा बाकी शेतस. उतारा ते पंगत उठी जाई. तू बी बठ."

सर बसले. मदिहाने तीन मांडे आमरसाशी खाल्ले, आणि तिसऱ्याच्या वेळी तर यंत्र कुठे ठेवलंय हेही ती विसरली होती. शेवटचा मांडा उतरला, पत्रा थंड व्हायला आणखी तासभर गेला. तोवर सरांनी जमलेल्या सगळ्या पाहुण्यांना, आणि मुख्य म्हणजे जसोदाबाईंचे व्याही सुकलाल यांना, रायसिंगबाबांची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली. चिलखत चुलीवर का, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी दुसरं काहीतरी सांगणं भाग होतं.

अखेर पत्रा टेबलावर आला. मदिहाने यंत्र फिरवलं. पडद्यावर नुसतं भोक दिसलं.

"काळा आहे आणि तुपाने चकचकीत झालाय," ती म्हणाली. "यंत्राचा उजेड त्यावर ठरत नाही. पांढरी भुकटी मारावी लागते, आणि माझी तर घरी राहिली."

प्रमिलाबाईंनी एवढंच विचारलं, "बारीक पाह्यजे का?" मग त्यांनी मैदा मागवला, मलमलच्या फडक्यात बांधला आणि पत्र्यावर असा भुरभुरला की जणू त्यावर धुकं उतरलं. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. मदिहा त्यांच्या हाताकडे बघत राहिली. "आजी, आमच्या फवाऱ्याच्या डब्यातूनसुद्धा भुकटी इतकी सारखी पडत नाही."

या वेळी पत्रा पडद्यावर आला. करड्या रंगात, हळूहळू फिरणारा. अंगणातली सगळी माणसं पुढे सरकली. सर छाती काढून उभे राहिले. आणि मग पाठीच्या बरोबर मधोमध, वरून खाली, एका रांगेत नऊ खोल खड्डे दिसले.

मग सुकलाल व्याह्यांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "पाठवर? पयी ऱ्हायना व्हता का काय?"

पळणारे रायसिंगबाबा! हेमकांत सरांना वाटलं, तापी इथून जवळच आहे. चार हजार माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. गंजलेला असला तरी छातीच्या पत्र्यावर साधी टिचकीची खूणसुद्धा नव्हती, हे त्यांना तेव्हाच आठवायचं होतं.

मदिहा मात्र पडद्यावर रेघा मारत होती. "थांबा. नऊही खड्डे एकाच मापाचे, एकवीस मिलिमीटर. खोली सारखी. दोन खड्ड्यांमधलं अंतरही सारखं. लढाईत इतकं मोजून कोणी मारत नाही. ही गोल तोंडाची हातोडी आहे."

"मन्ही," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सगळे वळले.

"मधमा उंच कणा व्हता. त्यानावर मांडा फाटे. म्हनीसन ठोका मी." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "रायसिंगबाबाना काय दोष नही त्यामा."

"हातोडीने? तुम्ही?" मदिहा खुर्चीतून उठलीच. "नऊ घाव, एक वाकडा नाही. माझे अब्बा चाळीस वर्षं पत्रा ठोकतायत, त्यांना मी हे दाखवणार आहे." आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईच्या मनगटांकडे नीट पाहिलं. ती बारीक होती. या बारीक मनगटांनी घराण्याची अब्रू दोनदा वाचवली होती, एकदा ऐन लग्नाच्या गर्दीत आणि एकदा आत्ता.

"आणि आजी, हा?" मदिहाने पडदा मोठा केला. उजव्या खांद्याखाली एक तिरका, धारदार वार होता, चांगला बोटभर लांब.

प्रमिलाबाईंनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं. "नही," त्या शेवटी म्हणाल्या. "तो मन्हा नही."

सर म्हणाले, त्या काळी मागून वार करणारे लोक फार होते. सुकलाल व्याही हो म्हणाले. जेवण चांगलं झालं होतं.

निघताना मदिहाने सांगितलं की या नोंदीवरून हुबेहूब नक्कल करता येते, आणि अब्बा लोखंडातसुद्धा करून देतील. सर लगेच शाळेतल्या काचेच्या कपाटाचा विचार करायला लागले. पण बायकांनी मदिहाला आधीच घेरलं होतं. पत्रा आचेला सगळीकडे सारखा तापतो, पडला तरी फुटत नाही, आणि मधला कणा ठोकलेलाच येणार ना, याची खात्री त्यांनी दोन-दोनदा करून घेतली.

महिन्याभरात बशीरभाईंकडे पाठीच्या पत्र्याच्या चौदा ऑर्डरी आल्या, त्यातल्या दोन तर पार गुजरातेतून. छातीचा पत्रा अजून कोणीच मागितलेला नाही. सर अधूनमधून फोन करून विचारतात.