म्हसेकाकांची झाकाझाक

म्हसेकाकांचं रोज सकाळी वर्तमानपत्राशी भांडण होतं. आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमचे ते प्रमुख. खुर्चीत बसले, चष्मा चढवला, की लगेच टेबलावर थाप पडते.

"हे बघ! म्हणे, 'महिलेची ओळख गुप्त ठेवण्यात आली आहे.' आणि खाली काय? शाळेत मुख्याध्यापिका, नवरा रेल्वेत, घर तळ्याकाठी! आता फक्त हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायचं राहिलं!"

मी चहा ठेवते आणि मान डोलावते. मी इथं झाडलोट करते, चहा करते. सातवीतून शाळा सुटली. लग्न झालं तशी हिंगोलीकडून नवऱ्यामागं इकडं आले. तो कर्जतच्या एका फार्महाऊसवर झाडांना पाणी घालतो. खोली शिळफाट्याला.

काकांचा एक शब्द सगळ्या हॉस्पिटलला पाठ आहे, "झाका!" कुणी केसपेपर उताणा ठेवला, झाका. कुणी दारात उभं राहून रिपोर्ट वाचला, झाका. एकदा माझा भाजीचा डबा उघडा राहिला होता, तर जाता जाता त्यालाही म्हणाले.

पण खासगी गोष्ट जपायची तर हळू बोलावं लागतं, हे त्यांना कधी जमलं नाही. नवीन नर्सनं एकदा बाहेर पुकारलं, "मूळव्याधवाले आत या." काका गरजतच बाहेर आले.

"अहो, मानसाला नंबर दिलाय ना? मूळव्याध काय वरडताय! मूळव्याध त्याची हाय, गावाची नाय!"

सगळा हॉल त्या बिचाऱ्याकडे वळला. त्याला आधी बसवत नव्हतं, आता उभंही राहवेना.

लोक काकांना हसतात. मी फार हसत नाही.

गेल्या वर्षी मला टीबी झाला. इथल्याच गोळ्यांनी बरी झाले, हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण त्या गोळ्या मी ज्वारीच्या डब्यात लपवून ठेवायचे. आमच्या चाळीत नळ एकच. घरमालकिणीला कळलं असतं तर आधी आमची कळशी बाजूला झाली असती आणि मग आम्ही. बऱ्या झालेल्या माणसालाही लोक लांबूनच बोलतात. आजारी पडले होते, कुणाच्या घरी दरोडा घातला नव्हता!

मध्यंतरी एका कॉलेजला अभ्यासासाठी टीबीच्या पेशंटांची माहिती हवी होती. ती घेऊन कॉलेजची मुलं आमच्याच गावांतून, गल्ल्यांतून हिंडणार होती. आमचे तरुण डॉक्टर कागद घेऊन काकांकडे आले.

"काका, नावं काढलीत, फोन नंबर काढलेत. सही द्या."

मी कप ठेवत होते. नजर कागदावर गेली. 'स्त्री, वय सव्वीस, शिळफाटा, मूळची हिंगोलीकडची, हॉस्पिटलात सफाईकाम.'

नाव नव्हतं. पण नाव हवं कशाला? मी सगळीच्या सगळी तिथं होते. आज हे मी लिहिते आहे ते माझ्या मर्जीनं. तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. खोकला माझा, भीती माझी, आणि ती गावभर वाटून टाकणारे हे कोण?

काकांनी कागद वाचला. त्यांचे कान लाल झाले. रागावले की त्यांची ऑफिसातली मराठी पळून जाते आणि त्यांच्या गावची, पळसदरीची येते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बोट भलत्याच ओळीवर ठेवलं.

"डॉक्टर, ह्यो कोंडाणे गावचा शिंपी. कोंडाण्यात शिंपी किती?"

"मला काय माहीत, काका?"

"तुमाला नाय, पन कोंडाण्याला म्हाईत हाय! उद्या त्याच्याकडं झंपर शिवाया कोन टाकंल?"

"अहो, नाव तर काढलंय."

"नाव काढून काय हुतंय? मानूस उभाच हाय ना हितं! गाव काढा, तालुका ठेवा. वय वीस ते तीस लिवा. धंदा पुसा. मूळगाव तर पयलं पुसा!"

"मग अभ्यासाला उरणार काय?"

"खोकला उरंल की! त्योच पायजे ना तुमाला?"

डॉक्टरांना हसू आलं. "बरोबर आहे. घाईत राहिलं माझ्याकडून," म्हणाले आणि कागद परत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी नवा कागद आला. त्यात मी मला पुष्कळ शोधलं. सापडले नाही. हरवल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"काका, तुम्ही माझ्यासाठी..." मी सुरुवात केली.

"तुझ्यासाठी काय? मी शिंप्याचं बोललो. कप उचल."

मला राहवेना. "रविवारी जेवायला तरी या घरी. आमच्याकडची भाकरी खाऊन बघा."

"नाय गं पोरी." काका खिडकीबाहेर बघत होते. "मी कुनाकडं जात नाय. लग्नाला नाय, बारशाला नाय. मी दारात दिसलो की शेजारी इचारतात, ह्यो हॉस्पिटलवाला हितं कसा? घरात कोन आजारी हाय? मंग कशाला? आता कुनी बोलवत पन नाय. बरंच हाय ते."

मी कप उचलला.

"मग आम्हीच येऊ का पळसदरीला? दोघं. भाकरी घेऊन."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"या," ते म्हणाले. "पन जरा उशिरा या. खाली येकच ताट आसतं. बाकीची माळ्यावर हायेत, काढून घासाया लागतील."