धुरी आणि लेप

पाणी खात्याच्या तक्रार खिडकीवर एकोणीस वर्षं बसून कारकुनाच्या तोंडात एकच शब्द पक्का बसला होता: ‘बघतो’. नळाला पाणी नाही? बघतो. पाण्याला वास येतो? बघतो. त्यातून पुढे काही होत नसे, पण समोरचा माणूस निदान खिडकीवरून हलत असे. पुढे घरीही तो तेच म्हणू लागला. दमलेल्या माणसाला दुसरा शब्द शोधायचासुद्धा कंटाळा येतो.

या रविवारी मात्र तो सकाळी सहालाच गच्चीवर हजर होता. कारण होतं त्याचा साडू. साडू मनाने चांगला होता आणि हाच त्याचा खरा त्रास होता. दरवर्षी तो आपल्या बागेत डुकराच्या बरगड्या धुरावर शिजवायचा, सगळ्यांना आग्रहाने वाढायचा आणि कारकुनाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “खा साडूभाऊ, पोटभर खा. तुम्हाला काही हे जमायचं नाही.”

आज दुपारी एक वाजता तोच साडू जेवायला येणार होता. त्याच्या तोंडून एकदा, अगदी एकदाच, ‘छान’ ऐकायचं, एवढीच कारकुनाची इच्छा होती. त्यासाठी त्याने जुन्या लोखंडी पिंपाला भोकं पाडली होती, तीन महिन्यांत दोनदा बरगड्यांचा कोळसा केला होता आणि एकदा भुवई जाळून घेतली होती. मध, व्हिनेगर, टोमॅटो आणि संत्र्याच्या रसाचा आंबटगोड लेप तर त्याला आता झोपेतही करता आला असता.

दहाच्या सुमारास तळमजल्यावरच्या काकूंचा त्याच्या बायकोला फोन आला. “मीटरच्या कपाटाची किल्ली तुझ्या मिस्टरांकडे आहे ना? त्यांना जरा खाली पाठव.”

“ते कुठले यायला, काकू! सकाळपासून गच्चीवर धुरी चाललीय,” फोन खांद्याने कानाशी दाबून कांदा चिरत बायको म्हणाली.

“अगंबाई! धुरी?”

“हो ना. सहा तास द्यावी लागते म्हणे. मग बरगड्यांना लेप. तीन महिने हेच चाललंय, मी तर पार वैतागलेय.”

काकूंचा आवाज एकदम खाली आला. “तू काळजी करू नकोस. मी कुणाला काही बोलणार नाही.”

काकू असं का म्हणाल्या, हे बायकोला कळलं नाही. पण तिला मिक्सर लावायचा होता. काकूंनी शब्द पाळला. त्यांनी कुणालाही नाव सांगितलं नाही, फक्त घराचा नंबर सांगितला.

अर्ध्या तासाने काकू दोन उशा घेऊन गच्चीवर आल्या. “इथे ठेवते हं, चालेल ना?”

उन्हाला ठेवत असतील, असं कारकुनाला वाटलं. “बघतो,” तो म्हणाला. त्यांच्यामागून पहिल्या मजल्यावरचे मास्तर दोन घोंगड्या घेऊन आले, मग कुणाची तरी गादी आली. गच्ची सगळ्यांची होती, आणि नाही म्हणायला अंगात जोर लागतो. बारा वाजेपर्यंत पिंपाभोवती अकरा उशा जमल्या. त्या काळजीने धूर जातो त्या बाजूला का मांडल्या जातायत, हे त्याने विचारलं नाही.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. पिंपापासून चार हात लांब उभे राहून त्यांनी विचारलं, “कधीपासून आहे हे?”

“झाले तीन महिने. आधी त्रास झाला, आता जम बसलाय.”

“जम बसलाय!” सेक्रेटरी आणखी दोन पावलं मागे सरकले. “आणि घरातल्यांना?”

“बायकोला विशेष नाही. मुलीला मात्र फार. बोटं चाटत बसते.”

सेक्रेटरी घाईघाईने खाली गेले. पाच मिनिटांत फाटकावर सूचना लागली: ‘तिसऱ्या मजल्यावर ढेकूण झाले आहेत. गच्चीवर धुरी सुरू आहे. घाबरू नये.’

एकला दहा मिनिटं कमी असताना गच्चीच्या दारात साडू उभा राहिला. अंगात पांढराशुभ्र शर्ट होता आणि तो एका हाताने मान खाजवत होता. कारकुनाने धगीमुळे अंगातला सदरा काढला होता आणि झाकण उघडताना ब्रश निसटून छातीपासून पोटापर्यंत लाल चिकट ओघळ आले होते.

“या, साडूभाऊ!” तो हरखून म्हणाला. “बरोबर वेळेवर आलात. बरगड्यांना लेपच लावतोय.”

साडूने त्याच्या उघड्या बरगड्यांकडे बघितलं. “लावा, लावा. आधी तब्येत,” तो मऊ आवाजात म्हणाला. “आम्ही परत कधीतरी येऊ.” आणि एका दमात चार जिने उतरून तो गाडीत बसला. त्याची बायको, म्हणजे कारकुनाच्या बायकोची ताई, तर गाडीतून उतरलीच नव्हती.

फाटकावरची सूचना हातात घेऊन बायको वर आली, तेव्हा कुठे दोघांना उलगडा झाला. बायको आधी रडली, मग हसली. कारकुनाला हसू आलं नाही. त्याला फार वाईट वाटलं. हाडापासून अलगद सुटणाऱ्या, काठाला किंचित करपलेल्या बरगड्या तिघांनी अकरा उशांच्या मधोमध बसून खाल्ल्या. “बऱ्या झाल्यात,” बायको म्हणाली. मुलगी बोटं चाटत होती, तिला बोलायला फुरसत नव्हती. साडूला फोन करून खरं काय ते सांगायचं त्राण कारकुनात उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर निघाला, तर काकूंनी त्याला जिन्यातच गाठलं.

“अहो, धुरी काय छान झाली हो तुमची!”

कारकून पायरीवरच थांबला. “काय झाली?”

“छान! अगदी छान! एक ढेकूण नाही. म्हणजे आधीही नव्हता, पण उशीला वास काय सुंदर येतोय! आमचे मिस्टर दोनदा उठून पाव खाऊन आले. पहाटे बघते तर उशीचा कोपरा तोंडात.” काकूंनी आवाज खाली आणला. “पुढच्या रविवारी गाद्या आणल्या तर चालतील?”

कारकुनाच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला होता. तो त्याने गिळला.

“आणा,” तो म्हणाला. “पण लवकर आणा. सहा तास लागतात.”