लोखंडी राज्यातला कांदा

जिनेशची खात्री होती की त्याची कादंबरी ऐकून दगडालाही पाझर फुटेल, मग बाऊजी काय चीज!

खांडबाऱ्याच्या बाजारात पारसमल शेठचं, म्हणजे बाऊजींचं, कापडाचं दुकान, आणि जिनेश त्यांचा एकुलता एक मुलगा, वय बत्तीस. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हा पठ्ठ्या भविष्यातल्या जुलमी राज्यांच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडायचा. कुठे सरकार लोकांची स्वप्नं तपासतंय, कुठे हसायलाही परवाना लागतोय! वाचता वाचता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हे तर आमच्याच घरात चाललंय! सूर्य बुडाला की जेवण बंद. कांदा, लसूण, बटाटा हद्दपार. पाणी प्यायचं ते उकळूनच. बिचाऱ्याचं सगळं स्वातंत्र्य म्हणजे संध्याकाळी साडेसातला "सुरतेचा गठ्ठा आला का बघून येतो" म्हणत स्टेशनवर सटकायचं आणि मोगराबाईच्या गाडीवर दोन प्लेट कांदाभजी हाणायची! वरून चार लवंगा, म्हणजे घरी वास येत नाही.

ही चोरी एकदाची संपावी, उजळ माथ्याने भजी खाता यावी, म्हणून त्याने 'लोखंडी राज्य' लिहिली. घरच्यांना त्यात आपलाच चेहरा दिसेल, त्यांना लाज वाटेल आणि बाऊजी म्हणतील, "बेटा, खा रे बाबा कांदा!"

रविवारी दुपारी सगळ्यांना समोर बसवून त्याने वाचायला घेतलं.

"सन एकवीसशे नव्वद. सूर्यास्ताला भोंगा वाजतो आणि राज्यातल्या सगळ्या चुलींना सील लागतं!"

"वा!" त्याची आई सायरबाई म्हणाली.

"जमिनीखाली उगवलेलं खाणारा तो देशद्रोही!"

"वा वा! सरकार असावं तर असं!"

"मम्मी, हे भयंकर राज्य आहे!"

"भयंकर काय त्यात? सगळे वेळेवर जेवतात की!"

जिनेशने ठेवणीतलं प्रकरण काढलं. त्यात दारोदार श्वासनिरीक्षक बसलेले असतात, आणि तोंडाचा वास घेतल्याशिवाय कुणाला घरात सोडत नाहीत! बाऊजींनी चष्मा काढून डोळे पुसले. लागला बाण, जिनेश मनात म्हणाला.

"बेटा," बाऊजी म्हणाले, "तीस वर्षं घर चालवतोय, पण ही आयडिया मला कधी सुचली नाही रे!"

जिनेशची बायको फाल्गुनी तोंडाला पदर लावून हसायला लागली. सायरबाईंनी त्याच्या हातातली वही काढून घेतली. "ठेव इथेच. पुढचं आम्ही वाचतो."

संध्याकाळी तो स्टेशनवर पोचला तेव्हा मोगराबाई म्हणाली, "शेठ, आज तोंड काबरं उतरेल शे?"

त्याने सगळी रामकहाणी सांगितली.

"पन तुमना राज्यमा मन्ही गाडी शे का नही?"

"नाही. ती पहिल्याच पानावर जप्त झाली."

"हाय रे! मन्हीच भजी खाई खाई मन्हीच गाडी जप्त करी? मंग आज एकच प्लेट!"

जिनेशने हातापाया पडून दुसरी मिळवली. त्या नादात घरी जायला उशीर झाला. त्याने चाराऐवजी मूठभर लवंगा तोंडात कोंबल्या आणि धावत सुटला.

दारात स्टूल टाकून सायरबाई बसल्या होत्या!

"तोंड उघड."

"मम्मी, ती नुसती गोष्ट आहे गं!"

"उघड म्हणते ना!"

त्याने उघडलं. सायरबाईंनी दीर्घ श्वास घेतला. "लवंग."

"लवंगेला कुठे बंदी आहे?" जिनेश खुशीत आत सरकला.

"थांब. फाल्गुनी, अकरावं प्रकरण."

फाल्गुनीने वही उघडून खणखणीत वाचलं, "चलाख नागरिक कांद्याचा वास लवंगेने मारतात. सबब, ज्याच्या तोंडाला लवंगेचा वास, तो पक्का गुन्हेगार!"

स्वतःची युक्ती जिनेशने मोठ्या हौसेने नायकाला दिली होती, आणि कथेत रंग भरावा म्हणून त्याला पकडूनही दिलं होतं!

"शिक्षा?" सायरबाईंनी विचारलं.

"चाळीस दिवस बिनमिठाचे उकडलेले मूग. आणि संध्याकाळी उंबरठ्याबाहेर पाऊल नाही!"

"शेवटचं प्रकरण वाचा ना!" जिनेश कळवळला. "त्यात नायक भुयारातून पळून जातो! सुटतो तो!"

"ते मी फाडून टाकलं," आतून बाऊजींचा आवाज आला. "बाकी कादंबरी फस्क्लास आहे बेटा. शेवट तेवढा कमजोर होता."