पार्बताबाईचा गतकालीन पदर

ज्या वर्षी तुबाचा निकाह झाला आणि बिर्याणीत मीठ कमी पडलं म्हणून व्याह्यांनी ईदपर्यंत तोंड फिरवून ठेवलं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन हजार सात साल. वऱ्हाडात तेव्हा शेतकरी आत्महत्यांच्या पॅकेजचे दिवस होते. ज्या घरातला माणूस गेला त्या घरी सरकारची जीप यायची. ज्या घरातला माणूस राहिला त्या घरी कोणी येत नव्हतं.

नगमा ही तुबाची आई. चांदूर बाजारात तिचं घर, आणि ओसरीवर तिच्या नवऱ्याचं, नबीचं, शिलाई मशीन. नबी नवे कपडे शिवायचा, नगमा जुन्यांना पुन्हा उभं करायची. कोणाच्या पेटीतून विटलेला शालू आला, तुटलेलं मण्यांचं तोरण आलं, काळी पडलेली जरीची तार आली, की ती उसवायची, निवडायची आणि लाकडी चौकटीवर कापड ताणून आरीच्या सुईनं पुन्हा भरायची. शेजारणी म्हणत, नगमाच्या घरी चिंधीसुद्धा निवृत्त होत नाही.

त्या वर्षी तिनं दाराएवढा एक पडदा भरला. त्यात गावातल्या तीन पेट्यांतलं सामान होतं, पण मधोमध होता तो पार्बताबाईच्या लग्नातल्या शालूचा पदर. पदराभोवती काचमण्यांचे हिरवे पोपट होते, तेही पार्बताबाईनंच परकरात असताना रुखवतासाठी ओवलेले. पार्बताबाई म्हणजे समोरच्या घरातल्या पंजाबरावांची आई. तिचा एक डोळा मोतीबिंदूनं केव्हाच नेला होता, दुसरा निघायच्या तयारीत होता. ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

"नगमे," पार्बताबाई पडद्यावरून हात फिरवत म्हणाली, "माह्या सासूनं हे पोपट एकडाव पाह्यले न पेटीत कोंबले. मंग कोनं पाह्यलेच नाही. तू हे अमरावतीच्या मोठ्या हॉलमंधी टांग. लोकं काय म्हनतात ते मले तिथं उभं राहून आयकाचं हाय. दिसते तवरी."

"टांगू ना, माय," नगमा म्हणाली. त्यात अवघड काय आहे असं तिला तेव्हा वाटलं. ती कधी ऑफिसात गेली नव्हती.

योगायोगानं त्याच सुमारास मुंबईहून एक परिपत्रक निघालं होतं. संकटग्रस्त जिल्ह्यांत पूरक उद्योग म्हणून 'विंटेज' वस्तूंपासून होणाऱ्या हस्तकलेस उत्तेजन द्यावं, आणि निवडक वस्तूंचं प्रदर्शन फेब्रुवारीत अमरावतीच्या सभागृहात भरवावं. राज्यकारभार मराठीतून चालतो, म्हणून कोणा जाणत्या माणसानं 'विंटेज' खोडून तिथं 'गतकालीन' असा शब्द घातला. शब्द चांगला होता. तो फक्त देवमनच्या टेबलावर यायला नको होता.

देवमन हा अमरावतीच्या ऑफिसातला बाबू. आजवर त्यानं एकच काम केलं होतं, मयत प्रकरणांचं. शेतकरी मेला की कागद देवमनकडे येत. मेला तो कसा मेला, जमीन कोणाच्या नावावर होती, व्यसन होतं का, हे सगळं पाहून प्रकरण पात्र की अपात्र याची टिपणी तो साहेबांपुढे ठेवायचा. माणूस सज्जन होता. कोणाची विधवा आली तर आधी पाणी द्यायचा, मग अपात्र करायचा. हस्तकलेचं टेबल रिकामं पडल्यावर साहेबांनी त्याला तिथं बसवलं. एका टेबलाचा अनुभव दुसऱ्या टेबलाला चालतो असं सरकारचं मत आहे.

नगमानं पडदा टेबलावर उलगडला. देवमननं चष्मा पुसला आणि खरंच मनापासून पाहिला.

"सुंदर हाय, बाई. हा मधातला पदर कोनाचा?"

"पार्बतामायचा. आमच्या समोरच राह्यते."

"कधी वारल्या?"

"वारल्या नाही, साहेब. सकाळी तिच्याच घरी चहा पेऊन एसटीत बसली."

देवमननं पेन खाली ठेवलं. सज्जन माणसाला वाईट बातमी सांगायची असते तेव्हा तो जसा खाकरतो, तसा खाकरला.

"बाई, परिपत्रक म्हनते गतकालीन. गत म्हंजे मयत. गतकालीन साहित्य म्हंजे गत व्यक्तीच्या कालातलं साहित्य. ही व्यक्ती चालू हाय. चालू व्यक्तीचं साहित्य मी गत कसं दाखवू?"

"पन शालू तर जुना हाय ना."

"शालू जुना हाय. त्याबद्दल ऑफिसचं काही म्हननं नाही. पन बाई अजून हाय."

तो पदर काढून बाकीचा पडदा आणा, असाही एक मार्ग त्यानं सुचवला. बाकीचं सामान गावातल्याच सुभद्रा आणि लीलाबाई या दोघींच्या पेट्यांतलं होतं, आणि दोघी वारल्याचे दाखले नगरपालिकेत होते. त्या बाजूनं पडदा अगदी निर्दोष होता.

"तिचा पदर काढला तर पडदा नाही राहत, साहेब," नगमा म्हणाली. "फडकं राहते."

यावर देवमननं नियमाप्रमाणे स्थळपाहणी लावली. तो चांदूर बाजारला आला, पडदा ओसरीवर पसरला, आणि हस्तकलेचा वेगळा नमुना अजून छापून यायचा होता म्हणून जुन्या टेबलावरचा नमुना काढून प्रश्न विचारू लागला. नगमा आत चहा करत होती. उत्तरं नबीनं दिली.

"जमीन किती?"

नबी साडीवाल्यांच्या भाषेत वाढलेला. त्याच्या लेखी जमीन म्हणजे शालूचं मधलं सपाट कापड. "जमीन सगळी अंजिरी, साहेब. काठ फक्त हिरवा."

"ओलिताची का कोरडवाहू?"

"कोरडीच ठेवा लागते. पानी लागलं का रंग सोडते."

"व्यसन?"

नबीनं विचार केला. "तेल लय पेते. दिव्याचं एक टिपूस सांडलं होतं, तळहाताएवढं पसरलं."

देवमननं 'व्यसन: आहे' असं लिहिलं. "नुकसान कशानं झालं?"

"कीड लागली होती."

देवमनचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "कीड? हे आधी सांगाचं ना. बोंडअळी?"

"कसर, साहेब. पेटीत होते ते."

"कसर यादीत नाही," देवमन म्हणाला, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

शेवटी वारसाचं संमतिपत्र हवं होतं. पंजाबरावांना बोलावलं. ते म्हणाले, "लिहून देतो, पन माय जिती हाय तवरी मी वारस कसा?" देवमन म्हणाला, प्रश्न बरोबर आहे. मग दोघं मिळून पार्बताबाईकडे पाहू लागले. ती खाटेवर बसून पान कुटत होती.

"काहून पाह्यता रे माह्याकडं?"

"काही नाही, माय," पंजाबराव म्हणाले.

ही गोष्ट पार्बताबाईला कळायला वेळ लागला नाही. पुढच्या आठवड्यात ती नगमाच्या खांद्याला धरून स्वतः ऑफिसात गेली. देवमननं उठून खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाबू, मले समजून सांग. मी मेली तर माहे पोपट हॉलमंधी जातीन?"

"असं बोलू नका, आजी. पन हो."

"न मी जिती असली तर नाही?"

"तुमी जित्या हाय हे चांगलंच हाय. ऑफिसचा त्याले विरोध नाही. फक्त लाभ देता येत नाही."

"मंग दोन दिसासाठी मेली असं लिह्य. परदर्शन झालं का खोडून टाक. मी कोनाजवळ बोलत नाही."

देवमननं फाइल आत नेली. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली. तात्पुरत्या मृत्यूची तरतूद नाही, पण प्रकरण सहानुभूतीनं हाताळावं, असा शेरा त्यांनी मारला. म्हणून देवमननं पडद्याला 'प्रस्तावित गतकालीन' असा दर्जा दिला. नगमानं विचारलं, याचा अर्थ काय. तो म्हणाला, "आजी मार्गावर हाय, असा."

मार्च एंडच्या आत योजनेचा निधी खर्ची पडला नाही तर तो मुंबईला परत जातो. त्यामुळे देवमन दर सोमवारी नबीच्या फोनवर चौकशी करू लागला.

"आजी कशी हाय?"

"ठीक हाय, साहेब."

"ठीक हाय का. बरं. पाहू मंग पुढच्या सोमवारी."

गावातही पार्बताबाईची अचानक किंमत वाढली. पडदा निवडला गेला तर हॉलमध्ये गावाच्या नावाची पाटी लागणार होती. आजवर तिला कोणी तब्येत विचारली नव्हती, आता नगराध्यक्ष विचारू लागला. तिच्या घरी जाताना लोक चप्पल जरा हळू काढत. ती बरी दिसली की, "अरे वा, बरी हाय का," असं म्हणत, पण त्यातलं 'अरे वा' ओठांवर जरा उशिरा यायचं. सूनही एक दिवस तिच्या पेटीतलं पांढरं लुगडं उन्हात टाकून आली. कसर लागेल म्हणून, असं म्हणाली.

नगमाला या सगळ्यांचा राग यायचा. एका दुपारी पार्बताबाईला खोकल्याची मोठी उबळ आली आणि काही केल्या थांबेना. नगमा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. पाणी पाजताना तिच्या मनात आलं, आज बावीस जानेवारी. म्हणजे प्रदर्शनाआधी होऊन जाईल. तिनं घाईनं तांब्या खाली ठेवला. खोकला थांबल्यावर पार्बताबाईनं तोंड पुसलं आणि आपला उरलेला डोळा तिच्यावर रोखला.

"तुह्याही मनात आलं ना?"

नगमा तिची पाठ चोळू लागली.

"येऊ दे," पार्बताबाई म्हणाली. "माह्याही आलं."

फेब्रुवारीत प्रदर्शन भरलं. पडदा आत नेता येत नव्हता, पण प्रस्तावित दर्जामुळे त्याच्यासाठी जागा राखीव होती. नगमा पार्बताबाईला घेऊन गेली. दिव्यांखाली एक पांढरी भिंत, भिंतीत एक खिळा, आणि खाली पाटी: प्रस्तावित गतकालीन, चांदूर बाजार. बाकीच्या भिंतींवर गोधड्या होत्या, तोरणं होती, बटवे होते, आणि प्रत्येकाखाली एका मेलेल्या बाईचं नाव होतं. गर्दी मात्र खिळ्यापाशीच जास्त होती. पुण्याहून आलेल्या आरती मॅडम नावाच्या जाणकार बाई लोकांना समजावून सांगत होत्या की या रिकामपणात वऱ्हाडाचं सगळं दुःख आलं आहे. दोघांनी खिळ्याचा फोटो काढला.

"काय हाय थं?" पार्बताबाईनं विचारलं. त्या उजेडात तिला नुसतं पांढरं दिसत होतं.

नगमाच्या ओठांवर एकदा आलं की सांगावं, पोपट आहेत. पण तिनं सांगितलं नाही. "खिळा हाय, माय."

पार्बताबाई पुढे झाली, हात लांबवून तिनं भिंत चाचपली आणि खिळा बोटांनी हलवून पाहिला. पहारेकऱ्यानं वस्तूला हात लावू नका म्हणून सांगितलं.

"पक्का हाय," ती नगमाला म्हणाली. "पडदा पेलला असता."

मग मार्च लागला, आणि देवमन ज्याची चौकशी करत होता ते एकदाचं झालं. पंजाबरावांनी तेराव्यापर्यंत न थांबता दाखला काढला, वारस म्हणून सही केली, आणि नगमा पडदा व कागद घेऊन अमरावतीला गेली. प्रदर्शन उठलं होतं, पण हॉलमधला खिळा अजून राखीव होता आणि निधी परत जायला दोन-तीन दिवस होते. देवमननं उठून उभं राहून हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यानं पाणी दिलं. मग दाखला वाचला, आणि पुन्हा वाचला.

"बाई, कारन काय लिह्यलं हाय हे?"

"म्हातारपन."

"वृद्धापकाळ. म्हंजे नैसर्गिक." त्यानं खाकरून घेतलं. "नैसर्गिक मृत्यू या टेबलावर कधीच पात्र धरत नाही, बाई. माह्या सगळ्या नोकरीत मी एकही धरला नाही. आता धरला तर आधीचे लोक येऊन विचारतीन."

"मंग तिनं कसं मराचं होतं, साहेब?"

देवमननं प्रामाणिकपणे विचार केला. मग, ते सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं म्हणाला, आणि कागदावर 'अपात्र' लिहून खाली सुरेख सही केली.

नगमानं पडद्याची घडी घातली. पदर आत, पोपट आत, अस्तर बाहेर. ती एसटीत बसली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे गाठोड्यात. नगमानं उलगडून दाखवलं. बाईनं पोपटांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती छान हाय. कोनं केलं? हाय का ते बाई अजून?"

लोकांना तेवढंच विचारायचं असतं. देवमनला हसणं सोपं आहे. त्यानं निदान दर सोमवारी फोन केला. आपण ही गोष्ट हातात धरली तेव्हापासून एक म्हातारी डोळा जायच्या आत दोन चांगले शब्द ऐकायला बसली होती, आणि आपण पान उलटत होतो ते ती केव्हा मरते हे पाहायला. तेव्हा ज्यासाठी थांबलात ते घ्या.

चांदूर बाजारच्या पार्बताबाई दोन हजार आठ साली, होळीनंतरच्या गुरुवारी, सकाळी चहा घेऊन झाल्यावर वारल्या.