आधारनाना टॅबलेट बघतात

आधारनानांनी छताचा पंखा घेतला तेव्हा दुकानात त्या पंख्याखाली खुर्ची टाकून ते पाऊण तास झोपले होते. दुकानदार दोनदा खाकरला, एकदा त्याने मुद्दाम शटर वाजवलं. नाना उठले, डोळे चोळले आणि म्हणाले, "झोप लागली. पण मध्ये एकदा कुरकुरला. दुसरा लावा."

मला हे माहीत आहे, कारण मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. नानांच्या प्रत्येक खरेदीत मी कुठल्या तरी स्टुलावर बसलेला असतो.

जळगावात आमची आणि नानांची भिंत एकच. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, माझ्याकडे मोटारसायकल आहे, आणि चार वर्षांपूर्वी नानांचा अडकलेला मोबाइल मी बंद करून पुन्हा चालू केला होता. तेवढ्यावर नानांनी मला या विषयातला जाणकार ठरवून टाकलं. मी नाही म्हणायला शिकलो नाही, हा माझा दोष. त्याची फळं मी मिक्सर, इस्त्री, बॅटरी आणि दोन चपलांच्या जोडांच्या वेळी भोगली आहेत.

नाना मूळचे चोपड्याकडचे. सगळी नोकरी जिनिंगमध्ये, कापसाची प्रत ठरवण्यात गेली. गाडी आली की चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन अंगठ्यांमध्ये ओढायचा, उजेडात धरायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. निवृत्त झाले तरी अंगठे थांबले नाहीत. नाना जगाकडे अजून तसंच बघतात. आमच्या कॉलनीचा अध्यक्ष 'आखूड धाग्याचा' आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा 'कवडी', म्हणजे पिवळा पडलेला, किडका कापूस. मी स्वतः 'मध्यम धागा, पन स्वच्छ' आहे. हे त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोर सांगितलं होतं.

आणि दुकानात माझ्याकडे वळून म्हणायचं त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "बठ्ठं पाहिसन घेवानं." सगळं बघून घ्यायचं. या वाक्यापुढे दुकानदार थकतात. मी तर वाक्य सुरू व्हायच्या आधीच थकलेला असतो.

नावामुळेही गंमत होते. बँकेत बाई विचारते, "आधार?" नाना म्हणतात, "हजर आहे." दरवेळी म्हणतात, आणि दरवेळी मागे उभ्या असलेल्या मला हसावं लागतं.

तर यंदा एप्रिलात मी पेपरांचे गठ्ठे तपासत बसलो होतो. कूलर गरम हवा फेकत होता. नाना वर्तमानपत्राची घडी घेऊन आले. आत टॅबलेटची जाहिरात होती. मोठी सवलत, साठा मर्यादित वगैरे.

"सर, हाई वस्तू कशी शे?"

मी जाहिरात वाचली. खरं सांगायचं तर वस्तू सामान्य होती. मॉडेल जुनं, मेमरी कमी, पडदा मंद, चार अॅप उघडली की धापा टाकणार. मी तसं सांगितलं. "नाना, स्वस्त आहे कारण कुणाला नकोय. तुमच्या भाषेत कवडी."

एरवी एवढ्यावर नाना खूश होऊन गेले असते. दुसऱ्याने काढलेली खोट त्यांना फार आवडते. पण ते बसून राहिले. "अक्षर किती मोठं व्हस त्यामा?"

"कितीही मोठं होतं. पण तुम्हाला करायचंय काय?"

"पाहू दे तं आधी."

मी पेन खाली ठेवलं. आता दोन-तीन आठवडे गेले, हे मला कळून चुकलं.

पहिल्या दुकानात नानांनी टॅबलेट हातात घेतला, वजन अजमावलं, कड अंगठ्याने दाबून बघितली. मग मालकाला म्हणाले, "मी बोलतो ते यात लिहून येतं म्हणे. ते दाखवा." गावात, दुकानात, ऑफिसात नाना आपल्यासारखंच बोलतात. घरची बोली फक्त घरी आणि, भिंत एकच असल्यामुळे, माझ्याशी.

मालकाने माइकचं चिन्ह दाबून दिलं. नानांनी घसा साफ केला. "आज वांग्याची भाजी कर." पडद्यावर स्वच्छ अक्षरं आली. आज वांग्याची भाजी कर. मालकाच्या चेहऱ्यावर समाधान. नाना मात्र टॅबलेट तोंडाजवळ नेऊन हळूच म्हणाले, "दूध उतू जाई राह्यनं."

पडद्यावर आलं, 'दूध उत्तर जाहीर राहणं'.

मालक हसला, मीही हसलो. नानांनी पुन्हा सांगितलं. "पानी तापी गयं का?" तिथे आलं, 'पाणी तापी गया का'.

"तापीचं पाणी आणायचंय का काका?" मालकाने विचारलं. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. नाना काही हसले नाहीत. टॅबलेट काउंटरवर ठेवून म्हणाले, "पुन्हा येतो."

ते पुन्हा गेले. म्हणजे आम्ही गेलो. त्या दुकानात तीनदा, शेजारच्या दोन दुकानांत दोन-दोनदा. प्रत्येक ठिकाणी नाना यंत्राशी तीच घरगुती बडबड करायचे. जेवण झालं का, गोळी घेतली का, दार लाव, मुलाचा फोन आला होता. हळू बोलून बघायचे, जोरात बोलून बघायचे, तोंड फिरवून बघायचे, पंखा चालू करायला लावून बघायचे. दुकानवाले आम्हाला बघून आत निघून जाऊ लागले. मी स्टुलावर बसून कपाळाचा घाम पुसायचो आणि घरी राहिलेले गठ्ठे मोजायचो.

घरी वंदना, माझी बायको, म्हणायची, "तुम्ही त्यांच्यासाठी एवढं फिरता, आणि काकू बघा." नानांच्या बायकोवर, द्वारकाकाकूंवर, तिचा राग होता. काकू पूर्वी रोज संध्याकाळी ओट्यावर यायच्या. वर्षभरात त्यांनी येणं बंद केलं होतं. वंदनाने हाक मारली तर बघायच्याही नाहीत. पापड लाटायला या म्हणून ती तीनदा सांगून आली, तर नुसत्या हसल्या आणि आल्याच नाहीत. शिवाय मध्यंतरी काही महिने भिंतीपलीकडून नानांचा चढलेला आवाज यायचा. एकच वाक्य चार-चारदा, ओरडून. आम्ही समजलो, भांडणं होतात. म्हातारपणी काहींचं बिघडतं. मग ते ओरडणंही थांबलं. वंदना म्हणाली, "बोलणंच टाकलं वाटतं."

मे महिन्यात धुळ्याला माझ्या चुलतभावाकडे साखरपुडा होता. नाना म्हणाले, "मीबी येस. तठे तोच टॅबलेट शे. अजून स्वस्त." मी बसमध्ये डोळे मिटून घेतले. नाना वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत होते. कंडक्टरशी, पुढच्या सीटवरच्या म्हातारीशी, केळीच्या भावावरून एका अनोळखी माणसाशी. नाना इतकं कुठून बोलतात, असं मला नेहमी वाटायचं.

साखरपुड्याचं जेवण झाल्यावर भर उन्हात आम्ही त्या दुकानात गेलो. एकच नग उरला होता, तोही प्रदर्शनात ठेवलेला. कडेला बारीक ओरखडा. नानांनी माइक दाबला आणि सुरू केलं. दूध. पाणी. गोळी. पुन्हा दूध. काउंटरवरची बाई बिचारी शांत उभी होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. जेवणाने मला जड झालं होतं, शर्ट पाठीला चिकटला होता, बस चुकणार होती. आणि माझा आवाज चढला.

"नाना, पुरे! त्या यंत्राला तुमचं दूध कधीच कळणार नाही. घ्यायचाय तर घ्या, नाहीतर सोडा. आणि त्याच्याशी बोलायचंय तरी कशाला? घरात माणूस नाही का बोलायला?"

नानांनी टॅबलेट अलगद खाली ठेवला. बाईंना "येतो" म्हणाले आणि बाहेर गेले.

समोर रसवंती होती. नाना तिथल्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. दोन ग्लास रस सांगितला. नानांनी ग्लास हातात घेतला.

"तिले आयकू येत नही सर," ते म्हणाले. "दीड वरीस व्हई गयं."

मला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"सुनीलनी मायले." सुनील त्यांचा मुलगा, सुरतला असतो. म्हणजे काकूंना.

मग नाना सांगत गेले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आधी एक कान गेला, मग दुसरा. डॉक्टर करून झाले. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्टी मारायचं, डोकं दुखायचं. काकूंनी ते डबीत ठेवून दिलं. काकूंची आईही अशीच होती. गावात तिला सगळे 'भईरी' म्हणूनच हाक मारायचे, पोरं मागून येऊन भांडी वाजवायची. काकूंनी ते लहानपणी बघितलेलं. त्यांनी नानांना शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही, सुनीललाही नाही. त्याचा फोन आला की नाना म्हणतात, आई देवळात गेली आहे.

"मी आधी वरडीसन सांगे. तं तुम्हले भिंतीपलीकडे जाय. तिले ते समजनं. तेव्हापासून वरडनं बंद."

"पाटीवर लिहून दाखवायचं नाना."

"लिखं ना. तिले राग येस. म्हने, माले काय पहिलीना वर्गमा घालतस? अन् लिखीसन होवालोंग बोलनं थंडं व्हई जास सर. दूध उतू जाई राह्यनं हाई लिखाले बसू का?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. नानांनी रस प्यायला नव्हता.

"वाचाले तिले भलतं आवडस," ते म्हणाले. "पेपर बठ्ठा वाचस. मोबाइलमधलं अक्षर तिले दिसत नही, डोळानं ऑपरेशन शे. म्हनून हाई मोठं." त्यांनी हाताने टॅबलेटएवढी चौकट दाखवली. "मी बोलसू अन् ती वाचसी. बस. पन ते माझं बोलनंच लिखत नही. चाळीस वरीस तिनासंगे हाईच बोली बोलनू."

मी नानांच्या अंगठ्यांकडे बघत होतो. ते ग्लासच्या काठावर काहीतरी ओढून बघत होते. हा माणूस बसमध्ये, बँकेत, दुकानात इतके शब्द का सांडतो, ते मला आता कळलं. घरात बोलायचं उरलेलं सगळं तो बाहेर नेत होता. आणि मी दीड वर्षं त्याच्या शेजारी स्टुलावर बसून जांभया देत होतो.

"नाना," मी म्हणालो, "टॅबलेट फार चांगला नाही. मंद आहे. इंटरनेट लागेल. दोन-तीन वर्षांत मान टाकेल. पण तुम्ही दुकानात बोलता तसं बोललात तर तो नीट लिहितो. शब्द चुकत नाही. तेवढ्यासाठी तो घ्यावा."

"म्हंजे घरमा माले शुद्ध बोलनं पडी."

"पडेल."

नानांनी रस एका दमात संपवला. आम्ही पुन्हा दुकानात गेलो. या वेळी त्यांनी काहीच तपासलं नाही. ओरखड्यावर बोट फिरवलं, म्हणाले, "द्या," आणि पिशवी छातीशी धरून बसमध्ये खिडकीजवळ बसले. पूर्ण वाटेत ते एकदाही कुणाशी बोलले नाहीत.

वंदनाला सांगू का, असं मी विचारलं. नाना म्हणाले, काकूंना विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर दोनदा टकटक झाली; मी बाहेर आलो तर ओट्यावरून नानांनी होकाराची मान हलवली. मी वंदनाला सगळं सांगितलं. थोड्या वेळाने ती कैऱ्या चिरायला घेऊन काकूंकडे गेली, त्यांच्या शेजारी बसली, आणि दोघींनी मिळून एक शब्दही न बोलता परातभर कैऱ्या चिरल्या.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. मी अक्षरं मोठी करून दिली, माइक कुठे दाबायचा ते दाखवलं, आणि टॅबलेट पाण्याच्या तांब्याला टेकवून काकूंसमोर उभा केला. काकूंनी चष्मा लावला. नाना समोर पाटावर बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं. घसा साफ केला. शेवटी म्हणाले, "नमस्कार. आपण कशा आहात?"

काकूंनी वाचलं. नानांकडे बघितलं. पुन्हा वाचलं.

"आपण?" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "हाई कोनता साहेब बोली राह्यना?"

नाना लाजले. मी उठलो, चपला शोधू लागलो. मागे त्यांचा आवाज सुरू झाला होता. पुस्तकासारखी, जपून उच्चारलेली वाक्यं. काल आम्ही धुळ्याला गेलो होतो. तिथे फार ऊन होते. सुनीलचा फोन आला होता. त्याच्या मुलीला पहिला दात आला आहे. तो तुझ्याविषयी विचारत होता. मी खोटे सांगितले. वाक्यामागून वाक्य, न थांबता, आणि पडद्यावर अक्षरं भराभर वर सरकत होती.

"थांबा ना जराखा," काकू म्हणाल्या. त्यांचं बोट पडद्यावर अजून 'दात' या शब्दावर होतं. "वाचू तं द्या."

नाना थांबले. मी दार ओढून घेतलं तेव्हा ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, काकूंच्या बोटाकडे बघत, गप्प बसले होते.