मर्म सांगणारे शमुवेलराव

शमुवेलराव एकदा भर बाजारात गटारात पडले. दुसरा कोणी असता तर आधी बाहेर आला असता. हे गुडघाभर चिखलात उभे राहिले, पागोटं सावरलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "यात मर्म आहे! माणूस असाच पडतो, बेसावध. आणि वर यायला एकट्याचं बळ पुरत नाही."

एका भाजीवालीनं हात पुढे केला. "दादा, आधी वर ये. बाकीचा मंग सांग."

ठाण्यात ते आमच्या शेजारी राहत. कल्याणच्या भिक्षुकाच्या घरातले. तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि घरच्यांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. गावोगाव हिंडून धर्मपुस्तकं विकायची, हा त्यांचा उद्योग. पुस्तकं थोडी खपत, मर्म मात्र फुकट मिळे. फणस फोडला, मर्म. दूध उतू गेलं, मर्म. आमची मांजर व्याली, तर कुंपणापलीकडून म्हणाले, "वहिनी, बघा, पिलाला ती दातांतच धरते, पण चावत नाही. देवाचंही तसंच. आपण उगाच ओरडतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मर्म राहू दे म्हणावं, एखादं पिलू घेऊन जा!"

पण ते अंगणाशी उभे राहून गेले की सासूबाई ती जागा सारवून घेत. शमुवेलरावांना ते दिसे. पुढच्या खेपेला ते थोडे आणखी मागे उभे राहत.

मग प्लेग आला. गाव ओस पडलं. आम्ही माजिवड्याकडे शेतात झोपडी बांधून राहिलो. आमचे हे कल्याणच्या कचेरीत होते, ते नाकेबंदीत तिकडेच अडकले. आणि सासूबाईंच्या काखेत गाठ आली. आसपासची माणसं आपापल्या झोपड्या मोडून लांब गेली. माझा मुलगा अंगावर पिणारा. त्याला घेऊन त्यांच्याजवळ कशी जाऊ?

शमुवेलराव आले. "वहिनी, तुम्ही बाळाला घेऊन त्या आंब्याखाली राहा. यांच्यापाशी मी बसतो."

"त्या तुमच्या हातचं काही घ्यायच्या नाहीत."

"नाही घेतलं तर नाही. माश्या तर वारता येतील."

ते बसले. मी पेज करून दाराशी ठेवी, ते वाटी पुढे करत, सासूबाई तोंड फिरवत. एवढा बोलका माणूस, पण मर्माचा एक शब्द काढला नाही. नुसता पंखा हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा आवाज ऐकू आला. "तुझं नाव काय रे?"

"शमुवेल, काकू."

"ते तू घेतलंस. आईनं काय ठेवलं होतं?"

"सदाशिव. ती सदू म्हणायची."

"म्हणायची? गेली का?"

"नाही. आहे कल्याणला. तिच्या लेखी मी गेलो."

सासूबाई म्हणाल्या, "सदू, घोटभर पेज दे. घसा सुकलाय."

शमुवेलरावांनी इतक्या घाईनं वाटी पुढे केली की अर्धी पेज उशीवर सांडली. उरलेली सासूबाई प्यायल्या.

गाठ फुटली, आणि देवाच्या दयेनं त्या वाचल्या. कोणाच्या देवाच्या, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

साथ ओसरल्यावर आम्ही ठाण्याला परतलो. एके दिवशी सासूबाई बैलगाडी करून कल्याणला गेल्या. देवदर्शनाला जाते, म्हणाल्या. परत आल्या त्या पाय न धुता थेट कुंपणापाशी गेल्या. शमुवेलराव पलीकडे पुस्तकांना ऊन दाखवत बसले होते.

"तुझ्या आईला भेटून आले. दिसत नाही आता तिला. तुझं नाव काढलं तर म्हातारी उठून आत गेली."

शमुवेलराव हातातलं पुस्तक उलटून ठेवायला वळले.

"अरे, ऐक पुढचं. मी निघाले तशी चाचपडत माझ्यामागे ओटीपर्यंत आली. हळूच विचारलं, वेळेवर जेवतो का तो?"

शमुवेलराव उठले.

"जेवतो म्हणावं," एवढंच म्हणाले, आणि पुस्तकं उन्हात तशीच टाकून आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.