आप्पांची वीतभर आक्का

आमच्या आप्पांना नवी गाडी दाखवायला नेणाऱ्याने मनाची थोडी तयारी करून जावं. आप्पा पेढा तोंडात टाकतात, पण गाडीचा रंग बघत नाहीत की ॲव्हरेज विचारत नाहीत. सरळ गुडघे टेकतात, मान वाकडी करून गाडीच्या पोटाखाली बघतात आणि म्हणतात, "झ्याक हाय. पर पालथी झाली तर हिला कुठनं धरायची?"

गाडीवाल्याचा चेहरा पडतो. एका लग्नात तर वरात निघायच्या बेतात असताना ते नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीखाली डोकं घालून बसले होते. वाजंत्रीवाले थांबले, करवल्या खोळंबल्या. शेवटी मुलीच्या मामाने हाताला धरून उठवलं, तर त्यालाच म्हणाले, "पुढनं धरायची बरं का. मागनं लई जड हाय."

पाटसला हायवेच्या कडेला माझं मेडिकलचं दुकान आणि त्याच्या मागच्या अंगाला आप्पांचं घर. आप्पा मला डाक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून मी दमलो. "गोळ्या देता न्हवं? मग झालं की," असं त्यांचं म्हणणं. उभी हयात त्यांनी पडलेल्या गाड्या उचलण्यात घालवली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या पालथ्या व्हायच्या, ट्रक रस्त्याकडेच्या चारीत जायचे, आणि लोक धावत यायचे, "आप्पा, आक्काला काढा!"

आक्का म्हणजे त्यांची क्रेनगाडी. लढाईच्या काळातली, या हातातून त्या हातात फिरत पाटसला आलेली. लांब नाक, गोल टप, मागे लोखंडी दांडा, तारेचा दोर, त्याला आकडा आणि दोर गुंडाळायला हाताने फिरवायचं हँडल. ते हँडल फिरवायच्या सरूकाकू, म्हणजे आप्पांच्या मंडळी. लग्न होऊन आल्या, आप्पांचा क्लीनर पळून गेलेला, तेव्हा पदर खोचून ज्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

आप्पा पालथ्या गाडीखाली सरपटत जायचे, आकडा जागेवर धरायचे आणि आतून ओरडायचे, "घे!" काकू हँडल फिरवायच्या. कट् कट् कट् करत दोर ताणला जायचा, हँडल उलटं फिरू न देणारी खिट्टी बसायची, भार दोरावर यायचा. मग काकू ओरडायच्या, "घेतलं!" ते ऐकल्याशिवाय आप्पा आकड्यावरचा हात काढत नसत. तेवढ्या एका शब्दावर आप्पांचे दोन्ही हात शाबूत राहिले.

पुढे हायवेला मोठमोठ्या क्रेन आल्या आणि आक्का चिंचेखाली उभी राहिली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. काकू मात्र दसऱ्याला तिला धुवून झेंडूची माळ घालायच्या. आप्पांना तिचं असं नुसतं उभं राहणं बघवेना. काकू लेकीकडे केंदूरला कांदेकाढणीला गेल्या होत्या, तेवढ्यात आप्पांनी आक्का भंगारवाल्याला देऊन टाकली. काकू परत आल्या, तर चिंचेखाली नुसता तेलाचा डाग.

त्या दिवसापासून काकू आप्पांशी बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, रडणं नाही. आप्पांना वेळेवर जेवण, कपडे धुतलेले, सगळं जागच्या जागी. फक्त जे काही बोलायचं ते दारातल्या शेळीला.

"शेळे, वाढलंय म्हणावं."

"शेळे, बीपीची गोळी संपली म्हणावं. उगं कुणी ऐटीत न घेता फिरू नये."

शेळी निमूट ऐकून घ्यायची आणि आप्पा उठून जेवायला बसायचे. मला आधी हसू यायचं. पण एकदा आप्पा माझ्या काउंटरला टेकून म्हणाले, "डाक्टर, एवढ्या गाड्या काढल्या खड्ड्यातनं. पर हिला कुठनं धरायची, त्ये काय घावंना." त्यानंतर मला हसता आलं नाही.

अशात केंदूरचे जावई आले. रांजणगावच्या कंपनीत आहेत, कंपनीने परदेशी पाठवलं होतं. आप्पांना गाड्यांचा नाद म्हणून त्यांनी तिकडून एक खोका आणला. आत प्लॅस्टिकचे बारीक बारीक सुटे भाग. सगळे जोडले की जुन्या काळची वीतभर लांब मोटार तयार होते. शोकेसमध्ये ठेवायची वस्तू. आप्पांनी खोक्यावरचं चित्र बराच वेळ न्याहाळलं. लांब नाक, गोल टप. मग पत्रा कापायचं हेक्सा ब्लेड आणलं आणि जावयांच्या डोळ्यांदेखत त्या नव्याकोऱ्या मोटारीची डिकी मागच्या सीटसकट कापून टाकली.

जावई "आप्पा!" एवढंच म्हणू शकले.

"न्हाई वो, हिच्यात आक्का हाय," आप्पा म्हणाले. "जरा बाहीर काढतो."

पुढचे कित्येक महिने आप्पांनी जे केलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही माझा विश्वास बसत नाही. त्या परदेशी मोटारीचं स्टेअरिंग डावीकडे होतं. ते उपटून उजवीकडे बसवलं. श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचा हौदा केला. सायकलच्या ब्रेकची तार उसवून तिचे तीन धागे पुन्हा पिळले आणि तारेचा दोर केला. बंद पडलेल्या घड्याळाची चाकं काढून खिट्टी केली. काकूंच्या शिलाई मशीनची बॉबिन गुपचूप पळवून तिच्यावर दोर गुंडाळला. त्या दिवशी शेळीची चांगलीच उलटतपासणी झाली. माझ्याकडून गोळ्यांची रिकामी पाकिटं नेली आणि त्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक लावून स्प्रिंगचे पाटे केले. खऱ्या आक्काचा एक पाटा मोडला होता, तो तारेने बांधलेला होता. या आक्काचाही एक मोडला आणि केसाएवढ्या तारेने बांधला.

"आप्पा, हे गाडी उलटी करून कोण बघणार?" मी विचारलं.

"मी बघनार की. मी आक्का खालनंच बघितलीया."

एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, "रक्तवाढीच्या गोळ्या द्या. त्या तांबूस भुकटीच्या."

"कुणाला अशक्तपणा आलाय?"

"आक्काला."

त्या गोळ्या खलून, पातळ डिंकात कालवून, त्यांनी फाटक्या ब्रशने मडगार्डच्या कडांना टिपके दिले. सुकल्यावर मी बघितलं आणि अक्षरशः बोट मागे घेतलं. हाताला गंज लागेल असं वाटलं मला! लोहाच्या गोळ्या मी किती वर्षं विकतोय, त्यांच्यात एवढी करामत आहे हे मला माहीत नव्हतं. असल्या माणसाच्या शेजारी राहतो याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मधूनमधून जावई यायचे. रागावलेले जावई हळूहळू कामात गुंतले. फोनवर जुन्या क्रेनगाड्यांचे फोटो दाखवू लागले आणि एकदा ठासून म्हणाले, "आप्पा, हँडल उजव्या अंगाला असतं. सगळ्या फोटोंत उजवीकडंच हाय." आप्पा थोडे घुटमळले. पण आधीच जावयाच्या भेटीवर हेक्सा चालवलेला. आता जावयाचा शब्दही खाली पाडायचा म्हणजे अतीच झालं. "व्हय, तुमी म्हनता तर उजवीकडं," म्हणाले आणि तसं बसवून टाकलं.

गाडी पुरी झाली तेव्हा मी तिथंच होतो. आप्पांनी ओसरीवर बसून हँडल फिरवून बघितलं. कट् कट् कट्. तोच आवाज, फक्त बारीक. आत भांडी घासायचा आवाज थांबला. काकू हात पुसत बाहेर आल्या. खाली बसल्या. त्यांनी ती वीतभर आक्का उचलली, मडगार्ड बघितलं, मोडका पाटा बघितला. मग काकूंनी डावा हात पुढे केला, चिमूट हवेतच फिरली. हँडल पलीकडच्या अंगाला होतं.

काकूंनी गाडी खाली ठेवली.

"शेळे, ही आपली आक्का न्हाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मला म्हणाले, "डावखुरी हाय ती. लग्नानंतर पयल्या हंगामात उजव्या हातानं फिरवून फिरवून तिचं मनगट सुजलं. मग दौंडला न्हेऊन आक्काचं हँडल डाव्या अंगाला बसवून घेतलं मी. आख्ख्या हायवेला तशी दुसरी गाडी नव्हती. लोक हसायचे." आणि म्हणाले, "आन् मीच इसरलो बघा. मी कायम खाली. मला वरचं दिसायचं न्हाई, नुसती हिची हाक यायची."

दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी क्रेन मुळापासून सुटी केली. दांडा, बॉबिन, चाकं, खिट्टी, सगळं उलटं बसवायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून काम. जावयांना कळवलं का, असं मी विचारलं. "त्यांचे फोटू बरोबरच हायती," आप्पा म्हणाले. "पर त्या गाड्यांवर सरू नव्हती."

आणि मग ती सकाळ. मी काकूंच्या गुडघ्याचं मलम द्यायला गेलो, तर आप्पा अंगणात नळाजवळच्या चिखलात चक्क पालथे पडलेले! मी घाबरून धावलो. बघतो तर केंदूरच्या नातीची इथं राहिलेली खेळण्यातली रिक्षा चिखलात उताणी रुतलेली, कडेला आक्का उभी, आणि आप्पा हनुवटी जमिनीला टेकून रिक्षाच्या दांडीला आकडा लावतायत. सत्तरीचा माणूस, सदऱ्याची पार वाट लागलेली. आकडा बोटाने जागेवर धरून त्यांनी जुन्या सवयीने हाक दिली.

"घे!"

आप्पा बोट काढेनात. डोकंही वर करेनात.

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. कधी आल्या मला कळलं नाही. त्या पायऱ्या उतरल्या, दुखरा गुडघा सांभाळत चिखलाशी बसल्या, पदर खोचला आणि डावा हात पुढे केला. हँडल बरोबर चिमटीत आलं. कट् कट् कट्. दोर ताणला, दांडा किंचित वाकला, रिक्षा चिखलातून सुटू लागली.

"घेतलं," काकू म्हणाल्या. मग आप्पांकडे बघून म्हणाल्या, "हात काढा आता. आन् उठा, सदरा बदला."

शेळीने मान वर करून बघितलं. कुणालाच काही सांगायचं नव्हतं, म्हणून पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं.